डोक्यावर उभे संत

वॉरिन मालकांनी आयुष्याची वीस वर्षं खारवलेल्या हेरिंग मासळीत काढली होती, त्यामुळे संतांबद्दल त्यांची मतं फार ठाम होती.

मासळीवाला भरतकामात कसा शिरला, तर लग्न करून. लंडनच्या चीपसाईड बाजारामागच्या गल्लीतला कारखाना आधीच्या मालकांचा. ते वारले, त्यांच्या विधवेशी वॉरिननी सूत जुळवलं, आणि मालकीणबाईंबरोबर सात चौकटी, चार खिडक्या नि सहा भरतकामवाल्या बायका आपसूक पदरात पडल्या. तिकडे राजे एडवर्ड फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगत होते, इकडे वॉरिन मालक सुईदोऱ्यावर सांगत होते. दोघांचाही त्या मालाशी संबंध सोयरिकीपुरताच होता.

सबिना त्या कारखान्यात तीस वर्षं होती. उत्तरेच्या, दिवसभर सारखा उजेड देणाऱ्या खिडकीची जागा तिची, कारण चेहरे ती भरायची. सोन्याचा धागा कुणीही पसरावा, कमानी कुणीही काढाव्यात, पण संताचा चेहरा म्हणजे नखाएवढी जागा आणि तिच्यात एक अख्खा माणूस. गालाच्या मधोमध सुरुवात करायची, प्रत्येक टाका आधीच्या टाक्याचं पोट फोडून वर काढायचा आणि गोल गोल फिरत बाहेर यायचं. हे तिला कारखान्यातल्या सगळ्यांत जुन्या अव्हिसबाईंनी शिकवलं. अव्हिसबाईंनी तिला आणखीही बरंच काही दिलं होतं, म्हणजे सात वर्षांची पोरकी पोर दारात उभी राहिली तेव्हा घर, जेवण, आणि मरेपर्यंत पुरतील एवढ्या शिव्या.

त्या अव्हिसबाई मागच्या हिवाळ्यात गेल्या. चर्चच्या मागे जिथे सगळ्या फुटकळ माणसांना पुरतात तिथे पुरल्या. वर दगड नाही, नाव नाही, वसंतात गवत उगवलं तेव्हा जागाही सापडेना. पन्नास वर्षं बिशपांच्या अंगावर सोनं चढवणाऱ्या बाईची एवढीच निशाणी उरली. सबिना त्यावर रडली नाही. तिला राग आला.

तेवढ्यात थॉर्नमिन्स्टरच्या बिशपांचं काम आलं. त्यांच्या लाल मखमली झग्याला काठ हवा होता. हा झगा म्हणजे खांद्यांवरून पायघोळ उतरणारा, समोरून उघडा. त्याचा काठ एका बाजूने छातीवरून वर चढतो, मानेमागून फिरतो आणि दुसऱ्या बाजूने खाली उतरतो. त्यावर बारा संत, प्रत्येक आपल्या कमानीखाली, आणि अख्खा काठ बिनजोड. करारातच तसं होतं. कापून जोडायचं म्हटलं तर सोन्याचा धागा तुटतो, आणि एकदा तुटला की चुगलखोराच्या तोंडासारखा उलगडतच जातो.

त्या बारांत संत ॲन होत्या, लहानग्या मेरीला वाचायला शिकवणाऱ्या. सबिनाने त्यांना अव्हिसबाईंचा चेहरा दिला. नाकाशेजारचा मस, डाव्या डोळ्याची उतरलेली पापणी, आणि ‘हा टाका म्हणायचा की उंदराची लेंडी?’ असं विचारतानाचं ते ओठ दुमडणं. पाच आठवडे गेले. जवळचं तिला आता धूसर दिसायचं, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. लांबचं कावळ्याला दिसावं तसं स्वच्छ दिसायचं, पण भरतकाम काही लांबून करता येत नाही. तो चेहरा तिने निम्मा बोटांनी केला. पुन्हा तसा जमणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो काठ बिशपांच्या छातीवर चढावा आणि अव्हिसबाईंना एकदा सगळ्या जगाने मान वर करून बघावं, एवढंच तिला हवं होतं.

ईस्टरआधीचे उपासाचे दिवस सुरू होते. काठ चौकटीवरून उतरवून लांब टेबलावर पसरला आणि वॉरिन मालक पाहणीला आले. दारातून आत येऊन टेबलाच्या अलीकडच्या टोकाला उभे राहिले. हात पाठीमागे, हनुवटी वर. मासळीचा लिलाव बघावा तसे.

“ही शिडी कुणाची?” त्यांनी विचारलं.

“शिडी नाही मालक, जाळी आहे. संत लॉरेन्स. त्यांना जाळीवर भाजलं होतं,” सबिना म्हणाली. “बिशपांचं नावही लॉरेन्स, म्हणून मुद्दाम घेतलेत.”

“हं. भाजलं होतं.” मालकांनी या विषयात आपल्याला गती आहे अशी मान हलवली. मग नजर पुढे सरकली आणि त्यांचा चेहरा बदलला. “हे काय? अगं, हे खिडकीकडचे सहा उलटे आहेत!”

सोन्याचा धागा भरणारी पेर्नेल नावाची विधवा होती, तिने खाली मान घालून खोकल्याचं निमित्त केलं.

“उलटे नाहीत,” सबिना म्हणाली. “काठ मानेमागून वळतो ना मालक. एक बाजू वर चढते, दुसरी उतरते. म्हणून निम्मे इकडून, निम्मे तिकडून. अंगावर चढला की बाराही पायांवर उभे राहतात.”

“मला दिसतंय ते सांग. मला सहा संत डोकं खाली, पाय वर दिसतायत.”

“तुम्ही खिडकीकडून बघितलंत तर दाराकडचे सहा तसे दिसतील.”

“मी खिडकीकडून कशाला बघू? मालक दारातून येतो.”

पेर्नेल उठली, हात पुसायचा पंचा घेतला, दोन्ही टोकांना कोळशाने एकेक माणूस काढला आणि स्वतःच्या गळ्यात घातला. “हे बघा मालक. दोन्ही टोकांचे दोघं उभे. आता टेबलावर टाकते. हा बघा, एक झाला उलटा.”

मालकांनी पंच्याकडे बराच वेळ बघितलं. समजल्याची एक सावली त्यांच्या तोंडावरून गेलीसुद्धा असेल. पण सहा बायकांसमोर समजणं म्हणजे आधी समजलं नव्हतं हे कबूल करणं, आणि ते मालकाला शोभत नाही.

“पंच्यावर संत नसतात,” ते म्हणाले. “हे बघ सबिना. मी वीस वर्षं टोपल्यांत हेरिंग लावले. सगळी डोकी एका दिशेला. एक जरी उलटा असला ना, गिऱ्हाईक म्हणतं, माल शिळा. हेरिंगला जी शिस्त, ती संतांना नको? हे खिडकीकडचे सहा उसवा आणि सुलटे करा.”

“मालक, सहा महिन्यांचं काम आहे.”

“मग आत्ताच लागा. सप्टेंबरअखेर मायकेल संतांच्या सणाला बिशप झगा घालणार आहेत. आणि ज्या बाईला जमणार नाही तिने तसं सांगावं. खिडकीजवळ बसायला लंडनात बायका कमी नाहीत.”

एवढं बोलून ते जेवायला गेले. उपासात मांस चालत नाही, म्हणून मासे होते. बरेच होते, म्हणजे वेळही बराच होता.

सबिना टेबलापाशी उभी राहिली. खिडकीकडच्या सहांत तिसऱ्या संत ॲन होत्या. म्हणजे अव्हिसबाईंना उसवायचं. आणि उसवून, धूसर डोळ्यांनी पुन्हा कसंबसं भरून, डोकं खाली पाय वर असं बिशपांच्या छातीवर टांगायचं, सगळ्या गावाला हसायला.

“गाढवाला गुळाची चव काय,” पेर्नेल म्हणाली. “सांग मालकीणबाईंना.”

“त्यांनी या माणसाशी लग्न केलं. त्यांना काय सांगू?”

मग सबिना काठाकडे बघत राहिली. दाराकडे सहा, खिडकीकडे सहा. मालकांना संतांची नावं ठाऊक नव्हती. चेहरे ठाऊक नव्हते. त्यांना फक्त दार आणि खिडकी ठाऊक होती.

“पेर्नेल, ते टोक धर.”

“कशाला गं?”

“धर म्हणते ना.”

दोघींनी काठ उचलला, अर्धा फेरा घेतला आणि पुन्हा खाली ठेवला. खिडकीकडचे दाराकडे आले, दाराकडचे खिडकीकडे गेले. दारातून बघणाऱ्याला खिडकीकडचे सहा अजूनही उलटेच दिसत होते. पेर्नेल एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं.

मालक दात कोरत परत आले. दारात उभे राहिले. “खिडकीकडचे,” त्यांनी बोटाने दाखवलं. “हेच. लागा कामाला.”

“बरं मालक,” सबिना म्हणाली, आणि बिशपांचे लाडके संत लॉरेन्स जाळीसकट उसवायला घेतले.

तिला वाईट वाटलं का? वाटलं. लॉरेन्सही तिचेच होते. पण लॉरेन्सना जगभर देवळं आहेत, मेणबत्त्या आहेत, त्यांच्या नावाचे बिशप आहेत. अव्हिसबाईंना ही नखाएवढी जागा होती. ऑगस्टपर्यंत सहाही पुन्हा भरून झाले. पेर्नेलने अर्ध्याहून जास्त चेहरे केले आणि कुणाला बोलली नाही. मालकांनी दारातून बघितलं. बाराही डोकी एका दिशेला. “आता कसं!” ते म्हणाले. काठ गुंडाळून पेटीत घातला आणि थॉर्नमिन्स्टरला रवाना झाला.

तिथे चर्चच्या शिंप्याने तो मखमलीवर शिवला. शिवताना त्याला काही दिसलं नसेल का? दिसलं. पण तो खेड्यातला माणूस आणि काठ लंडनचा. लंडनहून आलेल्या वस्तूत चूक दिसली तर चूक आपल्या डोळ्यांची असते, हे खेड्यातल्या लोकांना कुणी शिकवावं लागत नाही.

मायकेल संतांच्या सणाला वॉरिन मालक नवी टोपी घालून हजर झाले. कुठे टाका सुटला तर हाताशी असावी म्हणून सबिनाला बरोबर आणलं होतं. गाडीत दोन दिवस हाडं खिळखिळी करून घेतल्यावर ती खांबाशेजारी उभी राहिली. घंटा झाली, धूप आला, आणि धुरातून बिशप लॉरेन्स बाहेर पडले.

त्यांच्या डाव्या बाजूला सहा संत ताठ उभे होते. उजव्या बाजूला सहा डोक्यावर. संत लॉरेन्स पाय वर करून जाळीसकट लटकले होते, जणू दुसरी बाजू भाजून घ्यायची राहिली होती.

लोकांत कुजबुज सुरू झाली. मग बोटं वर झाली. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, “अगं बाई, ते पडले!” वॉरिन मालकांचा चेहरा त्यांच्या जुन्या मालासारखा पांढरा पडला. त्यांनी सबिनाचं कोपर धरलं.

“हे काय केलंस तू?”

“तुम्ही सांगितलं तेच मालक. सगळी डोकी एका दिशेला.”

“मी सांगितलं? मी कधी सांगितलं? सुई तुझ्या हातात होती!”

सबिनाचं लक्ष नव्हतं. तिची लांबची नजर चांगली होती हे मी सांगितलंच. डाव्या बाजूला, बिशपांच्या काळजाच्या जरा खाली, अव्हिसबाई उभ्या होत्या. मस होता, पापणी होती, ओठ दुमडलेले होते. खिडकीत बसून पाच आठवड्यांत तिला तो चेहरा असा धड दिसला नव्हता. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. मग तिने आजूबाजूला बघितलं. शेकडो माणसं माना वर करून झग्याकडे बघत होती, आणि एकूण एक माणूस उलट्या लॉरेन्सकडे बघत होता. धड उभ्या असलेल्या माणसाकडे कोण बघतं?

प्रार्थना संपल्यावर आतल्या खोलीत बोलावणं आलं. वॉरिन मालक चालताचालता सबिनाला कसं हाकलायचं ते ठरवत होते आणि ऐकू येईल इतक्या आवाजात ठरवत होते.

खोलीत बिशप खुर्चीवर बसले होते, झगा अजून अंगावर. शेजारी त्यांच्या हाताखालचे आर्चडीकन जर्व्हेस, बिशपांच्या प्रत्येक वाक्याला धर्मग्रंथातला आधार पुरवणं हे त्यांचं काम. शिंपी कोपऱ्यात कात्री घेऊन उभा, फाशी जायच्या तयारीत.

“हा काठ कुणी केला?” बिशपांनी विचारलं.

“हिने!” मालक म्हणाले. “माझं काही ऐकत नाही ही. मी हजारदा बजावलं...”

“मला प्रार्थनेत आज रडू आलं,” बिशप म्हणाले.

मालकांनी सबिनाकडे दाखवलेलं बोट खाली घेतलं.

“तीस वर्षं मी असे झगे घालतोय. खाली बघितलं की मला संतांचे पाय वर आणि डोकी खाली दिसायची. आज पहिल्यांदा मान खाली घातली आणि माझे संत लॉरेन्स माझ्यासमोर नीट उभे! माझ्या डोळ्यांत बघत होते.” त्यांनी छातीवरच्या लॉरेन्सवर हात ठेवला. त्यांचे डोळे खरंच ओले होते. “हे कुणाला सुचलं?”

“मला,” मालक म्हणाले. एवढ्या वेळात त्यांनी श्वाससुद्धा घेतला नव्हता. “पहिल्या दिवसापासून मी म्हणत होतो महाराज, सगळे एका दिशेला हवेत. पण बायका कुठे ऐकतात?”

“मेंढपाळ संतांकडे बघतो, मेंढरं मेंढपाळाकडे,” आर्चडीकननी लगेच आधार पुरवला. “लोकांनी संतांकडे परस्पर बघायचं कारणच काय?”

“फक्त हे डावीकडचे सहा,” बिशप म्हणाले आणि मान खाली घालून कपाळाला आठी घातली. “हे उलटे आहेत.”

दारातून बघणारा एक झाला, आता झग्याच्या आतून बघणारा दुसरा.

“हे सुलटे करून द्या. ख्रिसमसला मला बाराही माझ्याकडे बघणारे हवेत.”

“नक्की महाराज! ही आत्ता इथेच काठ उतरवायला घेईल,” मालक म्हणाले. हाकलायचं त्यांनी तूर्त रहित केलं होतं.

सबिना एक पाऊल पुढे आली. “महाराज, डावीकडचे सुलटेच आहेत. चूक उजवीकडे झालीय. मालकांना काठ मानेमागून वळतो हे कळलं नाही, आणि कोणते सहा उसवायचे ते मी माझ्या मनाने फिरवलं. काठ बघणाऱ्यांसाठी असतो. तुम्ही तो अंगावर घालता, बघायचा तो लोकांनी.”

मालक डोळ्यांनी तिला खारवत होते.

“ऐकलंत?” आर्चडीकन बिशपांकडे वळून प्रेमाने म्हणाले. “किती नम्र बाई. एवढं सुंदर काम करून वर म्हणते, चूक झाली. आणि मालकाचा दोषही स्वतःवर घेते.”

“महाराज, मी खरं सांगतेय.”

“नम्र माणसं नेहमी खरंच सांगतात,” आर्चडीकन म्हणाले.

“मग एक करा. पाच फिरवते. या ॲन तेवढ्या राहू द्या, जशा आहेत तशा. माझे डोळे गेलेत, हा चेहरा मला पुन्हा येणार नाही.”

बिशप चांगले होते, त्यांनी खरोखर विचार केला. “पण बाई, अकरा एकीकडे आणि एक उलटा, हे चुकीसारखं दिसेल.”

ते उठले, झगा उतरवून शिंप्याच्या हातात दिला, आणि तिला आशीर्वाद देऊन दुसऱ्या दाराने जेवायला गेले. शिंप्याने झगा टेबलावर पसरला. मालकांनी शिंप्याची कात्री काढून सबिनाच्या हातात कोंबली.

“कर सुरुवात. खिडकीची जागा तुझीच राहील, जा. मी काही कोत्या मनाचा माणूस नाही.”

सबिना वाकली. एवढ्या जवळून ॲन धूसर होत्या, पण बोटांना मस लागला. तिने कात्रीचं टोक सोन्याच्या तेजोवलयाच्या आत घातलं आणि गोल फिरवलं, गालाला धक्का न लावता, अव्हिसबाई शिव्या देणार नाहीत इतक्या बेताने. पेनीच्या नाण्याएवढा तुकडा सुटून हातात आला. शिंप्याने छातीवर क्रूस काढला.

संत ॲन होत्या तशा उभ्या होत्या, पुस्तक हातात, मेरी शेजारी. डोक्याच्या जागी सोन्याचं वलय आणि आत लाल मखमल.

“अगं, काय केलंस हे!” मालक ओरडले. “नरकात जाशील! खिडकी विसर आता! लंडनात कुणी उभं करणार नाही तुला!”

“हो मालक,” सबिना म्हणाली. तिने कात्री शिंप्याला परत दिली, चेहरा रुमालात गुंडाळून चोळीत खोचला, आणि आर्चडीकनकडे बघितलं. ते त्या भोकाकडे टक लावून बघत होते. ओठ हलत होते. आधार शोधत होते.

“ख्रिसमसपर्यंत सापडेल,” ती त्यांना म्हणाली आणि लंडनच्या रस्त्याला चालत निघाली.